वारा नसताना फिरणारा पंखा

८ नोव्हेंबर १९६९
पेडणेकरकाकांनी आज नवं काम गळ्यात मारलं. "वेसाव्याक जा रे. कर्णिक सायबाच्या होडयेक लाइट व्हयो." त्यांच्या बॅटरीच्या दुकानातला पोरगा होडीत काय करणार, म्हणणार होतो. मग कळलं, होडी शालूच्या घराखाली वाळूवर उभी आहे, तिचे बाबा डागडुजी करतायत. लगेच हो म्हणालो.
कॉलेज सोडल्यापासून तिला दोनदाच बघितलं. ती बी.एस्सी.ला. मी इंटरला प्रोफेसरची कॉलर धरून बाहेर.

९ नोव्हें.
कर्णिक. तिशीचा. औषध कंपनीत ऑफिसर, शिडाची होडी हाकायला विलायतेत शिकला. एकटा रत्नागिरीला जाणार म्हणे. इंजिन नाही, पण रात्री दिवे हवेतच, नाहीतर कोकणची आगबोट अंगावर येईल. त्याची आयडिया: टॅक्सीचा जुना डायनॅमो, त्याला लाकडी पंखा, मागच्या काठीवर. वारा पंखा फिरवणार, डायनॅमो बॅटऱ्या भरणार.
आयडिया चांगली आहे. त्याचाच राग आला.
शा. त्याला साहेब म्हणत नाही. अरविंद म्हणते. अरविंद!

१३ नोव्हें.
मंद वाऱ्यातही वीज यावी म्हणून डायनॅमो बारीक तारेने पुन्हा गुंडाळला. शा.च्या बाबांनी सागाचा पंखा तासून दिला, सुरेख.
शा.ला हायड्रोमीटर शिकवला. रबरी फुगा दाबून बॅटरीतलं ॲसिड नळीत ओढायचं, आतली कांडी वर तरंगली तर बॅटरी भरलेली, बुडली तर रिकामी. हात धरून शिकवलं. थेंब पदरावर पडला, भोक. "आयेला सांगते, वशाने साडी जाळली!" अर्धा तास पुरता माझा.
मग क. आला. तिने सगळं त्याला शिकवलं. जसंच्या तसं. हातासकट.

१५ नोव्हें.
कटआउटची डबी बसवली. वारा पडला की ही डायनॅमो नि बॅटरीमधली जोडणी तोडते. नाही तोडली तर उलटंच, बॅटरीच पंख्याला फिरवत बसते नि भरलेली वीज संपते. आतल्या स्प्रिंगचा ताण शांत डोक्याने जुळवावा लागतो.
बाहेर दोघं हसत होती. "खोटं! लंडनला कुठले बोंबील?" काय एवढं हसायचं त्यात?
झाकण ठोकलं नि निघालो. तपासलं नाही.

१८ नोव्हें.
सकाळी गेलो. समुद्र तेलासारखा, बाजूच्या होड्यांचे बावटे लोंबतायत. आणि आमचा पंखा गरगर. क. खूश. "बघ वसंता, वरती वारा आहे! आपल्याला खाली लागत नाही, इतकंच." शा.ने टाळ्या वाजवल्या.
मला बघताक्षणी कळलं. स्प्रिंग सैल राहिली. दोन मिनिटांचं काम.
शा.ने कांडी बघितली. "वशा, ही बुडते का रे?"
"नव्या बॅटरीचं असंच असतं."
जाऊ दे एकट्याला. पहिल्याच रात्री अंधारात बसू दे, म्हणजे कळेल साहेबाला की कुणाच्या हातात...

२१ नोव्हें.
शा.चे बाबा जाळ्यापाशी बसले होते. सहज म्हणाले, "मी पन जातंय सायबासंगती. यकटा मानूस दर्यान कसा सोरायचा?"
उद्या, दुपारच्या भरतीला.
चहा तसाच टाकून दुकानाकडे धावलो, पण बंद झालं होतं.

२२ नोव्हें.
दुकान उघडल्या उघडल्या दोन भरलेल्या बॅटऱ्या टॅक्सीत घातल्या. काकांना विचारलं नाही. ओरडत मागे आले, "मेल्या, खंय नेतस?"
वेसाव्याला पोचताच डबी उघडली, स्प्रिंग वाकवली. पंखा जागीच थांबला. सगळे बघत राहिले. वारा नव्हताच.
क.ने मिठी मारली. "तू नसतास तर वाट लागली होती यार!" मिठी मिळाली तीही त्याचीच. शा. हसली नाही.
"कधी कळलं तुला?"
"आज. म्हणजे आत्ताच."
नव्या बॅटऱ्या जोडल्या, तोवर भरती आली, दुपारचा वाराही सुटला. बाबांनी दर्याला हात जोडले. होडी गेली. ती वाळूवर उभी, मी दहा हातांवर. कुणाकडे बघत होती, ते बघायची हिंमत झाली नाही.

२९ नोव्हें.
शा. दुकानात आली. पहिल्यांदाच. रत्नागिरीहून पोस्टकार्ड: सुखरूप पोचलो, दिवे रात्रभर जळले, बाबा सांगतात वशा हुशार. अक्षर क.चं. खाली तिच्यासाठी दोन ओळी असाव्यात, त्या मोठ्याने वाचल्या नाहीत.
काका म्हणाले, "बघ, मेल्याचा नाव झाला!"
मग शा. हळूच मला: "त्या दिवशी कांडी बुडाली होती. मी विचारलं होतं तुला."
"हो, पण..."
"पण काय?"
"मला वाटलं तो एकटाच..."
ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, काका हाका मारत होते, मी आत पळालो. आलो तर ती नाही.
समोर वेसाव्याच्या स्टॉपवर उभी आहे. हे लिहितोय तेवढ्यात एक बस आली नि गेली. ती चढली नाही.