बोरी रस्त्यावरच्या हेल्यांच्या गोठ्याविषयी

मी, श्रीमती हंसाबाई रूपसिंग आडे, वय एकाहत्तर, धंदा पशुपालन व भाषणे, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते ठिकाणावर नाही असे म्हणणारे आमच्या लमाण तांड्यात आहेत, त्यांच्यासाठी कलम पाच आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. शब्द दिला की झाले, असे मी आयुष्यभर मानत आले आणि त्याच चुकीपायी आज हे लिहिणे भाग पडले.

१. दारव्ह्याचे राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझा एकुलता एक मुलगा नयन याला द्यावी. त्याचे वडील रूपसिंग एस.टी.त चालक होते. ते गेल्यावर मिळालेल्या पैशांतून नयनला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता. मी ते पैसे गोठ्यात घातले. "याडीनं बाबाचे पैसे हेल्यांना चारले," असे तो सात वर्षे नातेवाइकांना सांगत होता. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. ते खरे आहे. हेल्यांनी ते खाल्ले आणि त्यांचे वजन वाढले. तरी मुलाला विचारायला हवे होते, हे मी येथे मान्य करते.

२. माझी पुस्तके बोरी अरबच्या शाळेला द्यावीत. समासात मी लेखकांशी भांडले आहे. ते खोडू नये, मुलांना भांडायला शिकू द्यावे.

३. आता गोठा. तो कसा उभा राहिला हे माहीत नसणाऱ्याला पुढचे कलम पटणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात एका गावी शेतकऱ्यांच्या सभेत बोलायला गेले होते. सभेआधी एका गवळ्याकडे चहा झाला. त्याच्या म्हशीपुढे पेंढा भरलेले पारडाचे कातडे उभे केले होते. म्हैस ते चाटत होती आणि गवळी धार काढत होता. मी विचारले, पारडू कशाने मेले? तो म्हणाला, "हेला होता, बाई. वगार असती तं जगवली असती. हेल्याले दूध कोण पाजते?" म्हशीचे मादी पिल्लू म्हणजे वगार, नर म्हणजे हेला. हेला दूध देत नाही आणि औताला आता ट्रॅक्टर आहे, म्हणून त्याला उपाशी मारतात, आणि याला कुणी हत्या म्हणत नाही.

संध्याकाळी तयार भाषण बाजूला ठेवले. दीड तास बोलले. ज्या जनावराला बाजारात किंमत आहे त्याच्याच पुढे चारा पडतो, दयेवर गोठा चालत नाही, हे सांगितले. गोवंशाला कायद्याने मनाई आहे आणि मी कायदा पाळते, पण हेल्याच्या मांसाला कायद्यात आणि बाजारात जागा आहे, मग तो दोन वर्षे पोटभर खाऊन का जाऊ नये, असेही म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझा तोल जातो. मी म्हणाले, "कोणाचाही हेला असो, मी विकत घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात अकरा माणसे, अकरा हेले. दोन तर मोटारसायकलवर पोत्यात बसून आले होते. माझ्याकडे एक खुंटासुद्धा नव्हता.

जनावरांच्या बाजारातले व्यापारी जफर शेख हे ऐकून आले. आमची तोंडओळखच होती. फाटकात उभे राहून हसले.

"भाभी, भाषण तं लई मोठं देल्लं. आता बांधता कुठं?"

"तुम्ही हसाले आले का दोर घेऊन आले?"

"दोर गाडीत आहे. हसणं फुकट."

त्यांच्याच दोरांनी ते अकरा हेले बोरी रस्त्यावरच्या माझ्या दीड एकरात बांधले गेले. ती जागा मी माझी माहेरची चांदी मोडून, माझ्या नावे घेतलेली आहे. जागा आणि शेड माझी, बाजाराची पारख आणि रोजची मेहनत त्यांची, नफा अर्धा-अर्धा, असे ठरले. ते तीनदा म्हणाले, "भाभी, कागद करून घेऊ." मी तीनदा म्हणाले, "आपल्यात कागद कायले? मी शब्द देल्ला ना." माझ्या शब्दाचा मला फार अभिमान होता.

आज गोठ्यात चौऱ्याऐंशी हेले आहेत. खायला तुरीचे कुटार, सरकीची ढेप आणि वेळेवर लस. प्रत्येक गाडी डॉक्टरांच्या दाखल्यासह परवानाधारक कत्तलखान्यात जाते. गाडी भरताना मी फाटकात उभी असते. विकणाऱ्याने तोंड लपवू नये, एवढाच माझा धर्म.

४. यंदा उन्हाळ्यात मी यवतमाळला दवाखान्यात होते. तेव्हा माझे दीर उत्तमसिंग टेप घेऊन गोठ्याची जागा मोजायला गेले. जफरभाईंची मुलगी कहकशां तेथे होती. पशुवैद्यकाची पदविका घेऊन पाच वर्षे गोठा तीच चालवते. ती म्हणाली, "काका, वहिनी जिवंत आहे तुमची. तुमचा काय हक्क इथं?" ते म्हणाले, "अन् तुझा काय?"

बापाच्या नऊ आणि तिच्या पाच वर्षांच्या मेहनतीवर तिच्याकडे दाखवायला एक चिटोरे नव्हते, आणि तो दोष माझा.

म्हणून: गोठ्यातील अर्धी जनावरे, वजनकाटा आणि गाडी जफर शेख यांची आहेतच. हे बक्षीस नाही, त्यांचे त्यांना. माझा अर्धा हिस्सा आणि दीड एकर जागा शेडसह मी कहकशां जफर शेख हिला देते. अट एकच. कोणी हेला घेऊन आला, तर तो कितीही मरतुकडा असो, परत पाठवायचा नाही. तो शब्द माझा होता, आता तिचा.

५. उत्तमसिंग यांना माझा लाऊडस्पीकर, अॅम्प्लिफायर व माइकसह, चालू स्थितीत द्यावा. तांड्याच्या सभेत "लमाणांनी गुरं राखली अन् ही खाटकाची भागीदार झाली" असे म्हणून त्यांनी माझ्या माइकची वायर काढली होती. मी त्यांच्यापुढे विनामाइक चाळीस मिनिटे बोलले. त्यांना माइकची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे.

६. गोठ्यात हेल्याला नाव ठेवायचे नाही, कानातल्या बिल्ल्याचा नंबर पुरे, हा नियम माझा. तो मीच एकदा मोडला. चोवीस नंबरचा हेला दिवसभर रवंथ करी आणि कोणी बोलले की मान हलवी. मी त्याला अध्यक्ष म्हणू लागले. जफरभाई म्हणाले, "नाव देल्लं की माल गेला, भाभी." तसेच झाले, तो आठ वर्षांचा आहे. उत्तमसिंग तेव्हा तांड्याच्या मंडळाचे अध्यक्ष होते. नाव त्यांच्यावरून ठेवले असा त्यांचा समज आहे. समज बरोबर आहे. अध्यक्षाला विकू नये. तो म्हातारा होऊन गोठ्यातच मरावा.

७. या कागदाची अंमलबजावणी नयनने करावी. मी त्याला फोनवर सगळे सांगितले.

"याडी, जमीन मले नको. पण तांड्यात लोक काय म्हणतीन?"

"म्हणूनच लोकांसमोर तू वाच."

"भाषण नको घालू त्यात."

थोडे घातले आहे. माझ्या तेराव्याला, लाऊडस्पीकर उत्तमसिंगांकडे देण्याआधी, त्याच्यावरूनच हे सर्व तांड्यात वाचावे. नयनचा आवाज माझ्यासारखा आहे, त्याने तो पुण्यात वाया घालवला. कलम चार वाचून झाले की थांबावे. कहकशांने पुढे यावे. उत्तमसिंगांनी तिला तोच प्रश्न सर्वांसमोर पुन्हा विचारावा, आणि तिने हा कागद दाखवावा. अध्यक्षालाही आणावे.

मी तृप्त आहे. वरील मजकूर वाचून, समजून, खाली सही केली. अक्षर हलले आहे ते वयाने, दबावाने नव्हे.

सही: हंसाबाई रूपसिंग आडे

साक्षीदार:
१. नंदाबाई किसन मेश्राम, गोठ्यावरील कामगार (सही)
२. डॉ. भीमराज खोब्रागडे, निवृत्त पशुवैद्यक (सही)

जफर शेख यांना लाभ आहे म्हणून वकिलांनी त्यांना साक्षीला घेतले नाही. ते बाहेर बाकावर बसून आहेत आणि कागद झाला का, असे चौथ्यांदा विचारत आहेत. झाला.

स्थळ: दारव्हा
दिनांक: ९ डिसेंबर २०२५