दहाची गाडी

डाळ निवडून झाली, स्टोव्ह गोणपाटात बांधला, आणि चटया चार न्यायच्या की पाच यावरून आई माझ्याशी वाद घालते आहे, बा. उद्या शनिवार. आम्ही जुन्या ग्रां पोरला, त्या डोंगराखालच्या गावी, निघालो आहोत, एका रात्रीसाठी: मी, माझा नवरा, मुलगी आणि आई. आता बेटावर रेल्वे नाही. घरून, म्हणजे वाक्वाहून, क्युरपीप, तिथून माएबूर्ग, आणि माएबूर्गहून समुद्राच्या काठाने तिसरी बस, असा बेत मी आखला आहे. बसच्या वेळा शाळेतून परतताना स्टँडवर दोनदा विचारून घेतल्या. प्रवास आखण्यात मी चुकत नाही, हे आता घरात सगळे मान्य करतात. मुलगी नऊ वर्षांची आहे. तू तिला पाहिलं नाहीस. ती मराठी ऐकते आणि क्रेओलमध्ये उत्तर देते, आणि हाक मारली की "मो पे विनी", येतेय, असं म्हणून जागच्या जागी बसून राहते. आज मात्र आपणहून आली, आजीच्या सुपाशी बसली आणि म्हणाली, ती आजोबांची गोष्ट सांग, छापील कागदाची.

ही गोष्ट मी चांगली सांगते. शिक्षकांच्या खोलीत सांगितली आहे, मराठीच्या वर्गाला येणाऱ्या बायकांना सांगितली आहे. वीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर उभा राहिलेला माणूस, ज्याला प्रत्येक गाडी अंगात बसल्यासारखी ठाऊक होती, तो एका छापील कागदापुढे कसा मान तुकवतो, आणि सतरा वर्षांची मुलगी त्याला कशी फसवते. लोक हसतात. मग मी थोडी गंभीर होते आणि म्हणते, न शिकलेल्या माणसाला अक्षराचा असा धाक असतो. आज मी इथपर्यंत आले आणि आईने सूप खाली ठेवलं. ती काय म्हणाली ते पुढे लिहीन. त्याआधी तो शनिवार एकदा नीट लिहून काढते, कारण सांगून सांगून तो माझ्याच सोयीचा झाला आहे.

आपण तेव्हा ग्रां बुआला होतो, फाटकाला लागून असलेल्या दोन खोल्यांत. तुझ्याकडे घड्याळ नव्हतं. तू जेवत असायचास, कुणालाच काही ऐकू आलेलं नसायचं, आणि तू घास ताटात ठेवून उठायचास, हात धुवायचास, हिरवं निशाण घ्यायचास. उसाच्या बैलगाड्या थांबायच्या. मग केव्हातरी गाडी यायची. देवनागरी तुला येत होती, बैठकेत बसून शिकलेली, गावच्या त्या सामाईक खोलीत जिथे संध्याकाळी शाळा भरायची आणि रात्री पाहुणे झोपायचे. इंग्रजी आणि फ्रेंच येत नव्हतं. ते घरात मला एकटीला येत होतं. त्या वर्षी माझी परीक्षा झाली होती आणि शिक्षकांच्या कॉलेजात मला जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं. त्यावर तुझी सही हवी होती. तू ते पत्र देवाच्या फळीवर ठेवलंस आणि बघू म्हणालास. दोन आठवडे ते तिथेच होतं. रोज दिवा लावताना मला दिसायचं.

जुन्या ग्रां पोरला जायचं तू त्याच दिवसांत काढलंस. तुझे आजोबा कोकणातून आले ते पहिल्यांदा त्या डोंगराखालच्या मळ्यात ऊस तोडायला गेले होते, एवढं तुला ठाऊक होतं. मला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होतं की डच लोक या बेटावर पहिल्यांदा तिथेच उतरले, त्यांच्या किल्ल्याच्या भिंती अजून आहेत, आणि डोंगर बसलेल्या सिंहासारखा दिसतो. तू म्हणालास, शनिवारी निघू, रात्री तिथल्या बैठकेत झोपू, रविवारी परत. आणि म्हणालास, सगळं तू ठरव. गाड्या, जेवण, कोण काय उचलणार, सगळं. मला इतका आनंद झाला होता की मी वहीचं नवीन पान काढलं.

बुधवारी माएबूर्गहून आत्या आली. माझी वही बघून ती हसायला लागली. म्हणाली, "काय गो, तुला डोंगर बघायचाय. आणि तुला कोण बघणार, ते लिहिलंस का?" आईने तिला डोळ्यांनी दटावलं, पण आत्या कधी दटावली गेली आहे? तिने सगळं सांगून टाकलं. मुलगा तिच्या शेजारचा, तारखात्यात नोकरीला. त्याची बदली रॉड्रिग्सला झाली होती, दोन वर्षांसाठी. बोट रविवारी पोर्ट लुईहून सुटणार, म्हणून शनिवारी दुपारच्या गाडीने तो माएबूर्ग सोडणार. आपण सकाळच्या पहिल्या गाडीने पोचायचं, आत्याकडे जेवायचं, पोराने मला बघायचं, पसंत पडलं तर तिथेच साखरपुडा, मग बोट. आणि आपण डोंगर बघायला मोकळे. मी कॉलेजचं विचारलं. आत्या म्हणाली, ठरलेली मुलगी कॉलेजात कशाला जाईल, दोन वर्षं घरात बसून चादरी भरेल. तू ओट्यावर बसून निशाणाची काठी तासत होतास. तू वर पाहिलं नाहीस.

मी रडले नाही. हे मी गोष्टीतही सांगते आणि ते खरं आहे. मी वही घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, गाडी कुठली, आणि मी रेल्वेचं छापील वेळापत्रक तुझ्यासमोर उलगडून म्हटलं की शनिवारी पहिल्या गाडीने जाण्यात अर्थ नाही. रोझ बेलला माएबूर्गची गाडी जोडून मिळत नाही, उन्हात तीन तास बसावं लागतं. दहाच्या गाडीने गेलेलं बरं. हे मी तुला सांगितलं. ती पहिली गाडी तू रोज पाठवत होतास, आणि ती रोझ बेलला कुठल्या गाडीसाठी धावत पोचते हे तुझ्या फाटकातून जाणाऱ्या बैलालासुद्धा ठाऊक असेल. तू कागद हातात घेतलास. उलटा करून बघितलास. मला परत दिलास.

"कागदात असं आहे?"

"हो."

"मग दहाची."

शुक्रवारी संध्याकाळी गाऱ्हाणं झालं. आता वाक्वाला आमच्याकडे कुणी ते घालत नाही, माझ्या मुलीला तो शब्दही नवा आहे. तू देवापुढे नारळ ठेवलास, आम्ही मागे हात जोडून उभे राहिलो, आणि तू नेहमीच्या आवाजात देवाला सांगितलंस की तुझी लेकरं उद्या डोंगराखालच्या गावी चालली आहेत, जिथे त्यांचा पणजा पहिल्यांदा घाम गाळायला गेला. "व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. दहाच्या गाडीने चालली आहेत. "व्हय म्हाराजा." वाटेत काही वाकडं येऊ नये, गेलेली पावलं सुखाने परत यावीत. "व्हय म्हाराजा." आई शब्द म्हणाली, पण मधेच एकदा तिचा आवाज आला नाही, एवढं मला आठवतं.

शनिवारी आई पहाटे उठून केस विंचरून तयार. ती तुला म्हणत होती की अजून वेळ आहे, पहिली गाडी घेऊ, ताईंनी एवढं रांधलं असेल. तू तोंड धुवत म्हणालास, "देवाला दहाची सांगितली आहे. आता बदलता येत नाही." गाऱ्हाण्यात बोललेलं मोडायचं नाही, हे आईला तिच्या आईने शिकवलं होतं. तू पहिल्या गाडीला निशाण दाखवलंस, ती गेली, आणि मग बदली माणूस आल्यावर धोतर नेसलास.

माएबूर्गला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून स्टेशनावर उभी होती, घामाने कुंकू ओघळलेलं. मुलगा गेला होता. त्याची आई, काका, शेजारपाजार सगळे तिच्या पडवीत वाट बघून न जेवताच उठले होते आणि पंधरा माणसांचा भात होता तो तसाच. आत्या ओरडली नाही. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढंच बोलली. "रेल्वेवाल्याच्या घरचे लोक, आणि गाडी चुकली."

तू म्हणालास, "चुकली, ताई."

एवढंच. पुढे हे तुझं नावच पडलं. माएबूर्गच्या नात्यात कुठे लग्न असलं की कुणीतरी विचारायचं, आले का गाडी चुकलेले? तूही हसायचास. मीही हसायचे. मला वाटायचं, बिचारा, त्याला अजून ठाऊक नाही.

त्या दुपारी तू मला एकदाच बोललास. आत्याच्या पडवीत, सगळ्यांसमोर, भाताच्या टोपाकडे बोट दाखवून. "गाडीचं काय असेल ते असो. तिने पहाटेपासून शिजवलंय. पाया पड आणि माफी माग." मी पडले. मला तो अन्याय वाटला, कारण तुझ्या दृष्टीने तर माझी काही चूक नव्हती. मग आपण बस पकडली, डोंगर बघितला, डचांच्या भिंती बघितल्या. तू भिंतीचा एक दगड हाताने चाचपून म्हणालास, पक्कं काम आहे. मळा कुठला होता ते कुणाला सांगता आलं नाही. पुढच्या आठवड्यात फळीवरचं पत्र काढून तू देवनागरीत सही केलीस, सावकाश, जीभ दातांत धरून. मी कॉलेजात गेले. रेल्वेच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या त्याच वर्षी तू गेलास.

आता आई काय म्हणाली ते. मुलगी हसत होती, मी धाकाचं ते वाक्य म्हणणार होते, आणि आई सूप ठेवून म्हणाली, "गाऱ्हाण्यात त्यांनी कधी वेळ सांगितली होती काय गो? एकदा तरी? देवाला वेळ कोण सांगतं? देव काय गार्ड आहे?"

मी आठवून बघितलं. तुझी किती गाऱ्हाणी मी उभ्याने ऐकली आहेत, लग्नांची, ऊसतोडीची, बारशांची, आणि एकातही घटका नव्हती. आई पुढे बोलत राहिली, डाळीकडे बघत. तिने तुला तेव्हाच सांगितलं होतं की पहिली गाडी जोडून मिळते, ती स्वतः त्या गाडीने दोन बाळंतपणांना गेली आहे. तू तिला म्हणाला होतास, कागद वाचणारी घरात एकच आहे, तिचं ऐकायचं नसेल तर शाळेत कशाला घातली. आणि मग देवापुढे जाऊन तू दहाची गाडी बोलून टाकलीस, म्हणजे तिला आणि आत्याला आणि तुला स्वतःलाही ती मोडता येऊ नये. मी विचारलं, हे मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस? आई म्हणाली, "तू कधी विचारलंस? तू तर सांगतच सुटली होतीस."

मग तिने पाचवी चटई बांधली.

मला खेद करत बसायचा नाही, बा. तो तुलाही आवडला नसता. तू जे दिलंस ते मी पुरेपूर वापरलं. मी शिकवते, माझ्या हाताखाली सहा शिक्षक आहेत, आणि माझ्या वर्गातल्या मुली वेळापत्रक वाचू शकतात. पण एक गोष्ट मी आज आईलाही सांगितली नाही. रोझ बेलला आपण फलाटावर उभे होतो आणि माएबूर्गहून वर जाणारी गाडी समोर येऊन थांबली. तू एकेका खिडकीकडे बघत होतास. एका खिडकीत नवी हॅट घातलेला पोरगा होता, दाराशी त्याची लोखंडी ट्रंक. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "ट्रंक मोठी आहे. लांब जाणार दिसतो." तेव्हाच मला कळलं होतं. मी ते कळू दिलं नाही. तुला फसवलं असं मानणं मला हलकं पडत होतं. तू मला जाऊ दिलंस असं मानलं असतं, तर परतल्यावर तुझ्या तोंडाकडे बघता आलं नसतं. गोष्ट सांगताना मी रोझ बेल नेहमी गाळते.

हे वहीतच राहणार. तुला पाठवायला आता गाडीही नाही.

शनिवार. साडेसहाची बस वेळेवर मिळाली. क्युरपीपला पाऊस होता. माएबूर्गच्या बसमध्ये मुलीला मी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, रोझ बेलसकट. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधीची जास्त मजेची होती.