घर बंद नव्हतं

प्रिय आत्या,

तू जाऊन अडीच महिने झाले. आज लिहायला बसले, कारण हत्तीरोगाच्या सर्वेक्षणाची अंतिम यादी सहीसाठी माझ्या टेबलावर आली आहे. लकडगंजच्या आपल्या गल्लीतली सगळी घरं त्यात आहेत. आपल्या घरापुढे लिहिलंय, 'घर बंद'. अक्षर माझंच!

सलग तीन वर्षं मी ते लिहिलं. तू भरून दिलेला डबा घेऊन त्याच घरातून निघायचे, शेजारच्या प्रत्येक दारात "पाय सुजलेलं कुणी आहे का?" म्हणून विचारायचे, आणि आपलं दार चुकवून पुढे जायचे. पहिल्या वर्षी तूच म्हणाली होतीस, "लिहून टाक वं वैशू, कुलूप आहे म्हणून. मले मोजून तुले काय भेटते?" आणि मी एवढी शिकलेली शहाणी, तुझं ऐकलं. कशाला ऐकलं मी?

एकोणिसाव्या वर्षी तुझा उजवा पाय सुजायला लागला आणि सावनेरकडून येणारी स्थळं येईनाशी झाली. तेव्हापासून तू आमच्या बाबांकडे, तुझ्या भावाच्या घरी. खिडकीजवळचा दिवाण, मांडीवर डाळ पाखडायचं सूप. भाजीवाल्याच्या नुसत्या आवाजावरून आज वांगी कशी आहेत ते तू सांगायचीस. पाहुणे आले की पाय पांघरुणाखाली. रोग दिला डासाने, आणि लाज मात्र तुझी!

पीएचडी झाल्यावर पेढे घेऊन आले, वाकले, तर तू पाय ओढून घेतलास. "दुरूनच कर, पोचते मले." गावोगाव परक्या बायांचे पाय मी मांडीवर घेऊन धुते, बोटांच्या बेचक्या कोरड्या कशा करायच्या ते दाखवते. तुझा पाय कधी हाती लागू दिला नाहीस.

पाय धुवायला टब आणून दिला होता. तू त्यात माती भरून कोथिंबीर पेरलीस! वर मलाच दाखवलंस, "सांबार कसा मस्त आला, पाहून घे." मी हसले. तेव्हा रागवायला हवं होतं आत्या. बाहेर लोकांवर रागावते ना मी?

तुझा पाय पहिल्यांदा हातात घेतला तो शेवटच्या आंघोळीला. करंगळीच्या बेचकीत नखाएवढी भेग होती. तिथूनच विष अंगात भिनलं, असं डॉक्टर म्हणाले होते. अशा कितीतरी भेगा मी इतरांच्या पायांवर वेळेत पाहिल्या, औषध लावलं, बऱ्या झाल्या. मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती.

आता तरी खरं लिहावं म्हटलं, तर माझा भाऊ राजूच आडवा आला. कळमन्याहून दुकान बंद करून आला आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "ताई, आत्या गेली, गोष्ट संपली. आता काहून उकरून राहिली? माह्या जुईचं लग्न जमून राहिलं ना!" त्याचं तरी काय चुकलं? तुझी मोडलेली स्थळं ऐकतच तो मोठा झाला. आणि माझं? ही एक ओळ बदलली की माझ्या तीन वर्षांच्या सगळ्याच ओळींवर लोक बोट ठेवणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधे पेन धरून बसले आहे.

पण काल जुई माझ्यामागे गच्चीवर आली. "आतू, माझं रक्त तपासून दे ना. बाबाले नको सांगू." तीच खिडकी, तेच डास, आत्या! आज कळलं तर गोळ्यांनी रोग तिथेच थांबू शकतो. आणि मी तिला काय म्हणावं? "लग्न होऊ दे, मग पाहू." हे मी म्हणाले, मी! तुझ्या दिवाणावर मीच तिला बसवायला निघाले होते.

तर ऐक. उद्या सकाळी मी सर्वेक्षणाची पिशवी खांद्याला लावून बाहेर जाईन आणि आपल्याच घराची बेल वाजवीन. राजूसमोर आधी माझ्या बोटाला सुई टोचीन, मग जुईच्या. 'घर बंद' खोडून तुझं पूर्ण नाव लिहीन, वय, उजवा पाय, मयत. खाली सही करीन. आणि कुणी विचारलंच तर सांगेन, बाई घरातच होती, आणि मला ते माहीत होतं.

वाकून नमस्कार करते. या वेळी पाय ओढून घेऊ नकोस.

तुझीच,
वैशू