गोधडीतले चार टाके

मंगळवार, संध्याकाळ. मांजरसुंब्याजवळचं खेडं.

अतिथीला देव मानणारी वचनं मला पाठ आहेत. त्या देवाला शिवणकामाला बसवावं, असं एकातही सांगितलेलं नाही. पण या शेतातल्या टुमदार हॉटेलाचा शिरस्ताच तसा. निघण्याआधी प्रत्येक पाहुण्याने ओसरीवरच्या नव्या गोधडीत चार टाके घालायचे! बाकी सगळं सुखाचं. चुलीवरची भाकरी, कडुलिंबाची सावली आणि मालकीण शमीमभाभींची जीभ.

माझे टाके पाहून भाभी म्हणाल्या, "साहेब, पेपरात बी असंच वाकडं लिवता का?"

"वाकडं लिहितो, म्हणून तर छापतात."

"ताई, तुमी गप कावून? हसा की नवऱ्याला!"

नलू हसली. पण सुई भाभींनी आधी तिच्याच हातात दिली होती. लग्नापासून माझी बटणं तीच लावत आली. मला सुईजवळ फिरकू दिलं नाही कधी. आज सुई तिच्या बोटांतून दोनदा निसटली. मग तिने उजवा हात पदराआड घेतला आणि सुई माझ्याकडे सरकवली. "अहो, आज तुम्हीच घाला."

आणि मी काय केलं? विनोद. नेहमीचाच.

आता ती बाहेर भाभींशी गप्पा मारते आहे, चहाचा कप डाव्या हातात. सुई निसटताना मी पाहिलं नाही, असं तिला वाटतं. मीही तसंच भासवलं. नलूचा हात थरथरतो आहे, आणि मी घाबरलो आहे.