बैलाच्या पायाचा नांगर

बाबा, आज मला माझ्याच कामाची शिसारी आली आहे. दिल्लीलगतच्या गुडगावातल्या एका नव्या खासगी संग्रहालयात मी प्राचीन इजिप्तच्या आकाशाचं छत रंगवून घेते आहे. प्रत्येक नक्षत्राची आकृती मी तपासायची आणि दारातल्या फलकावर तपासणारी म्हणून माझं नाव लागायचं, असं ठरलेलं. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्यांच्या जागी त्या लोकांना बैलाचा कापलेला पुढचा पाय दिसायचा. शेजारी पाठीवर मगर घेतलेली पाणघोडी त्या पायाची दोरी धरून उभी. सगळं हुबेहूब उतरलं होतं. परवा संचालक आले, मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ये कटी हुई टांग? दिल्ली में? किसी ने फोटो डाल दी तो?"

"सर, हज़ारों साल पुरानी है।"

"तो? हल बना दो। सात तारे ही तो हैं, यार।"

आज ती पाणघोडी नांगराची दोरी धरून उभी आहे. मेलेल्या राजाला वाट सापडावी म्हणून कुणी त्याच्या थडग्याच्या छतावर भक्तीनं मांडलेलं आकाश आम्ही भीतीपोटी एका दुपारीत पुसलं आणि वर समोसे खाल्ले. 'बिल्कुल सर, बिल्कुल' करणाऱ्या सगळ्यांची मला किळस आली.

आपल्या सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर आठवतं. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही ऑफिसातून आल्या आल्या ओट्यावर सात शेंगदाणे मांडून मला तो पाय दाखवताय आणि मी 'ई, छी!' म्हणते. एरवी तुम्ही आवाज चढवत नसायचात, त्या दिवशी चढवलात. "तुला आवडावा म्हणून नाही काढला त्यांनी," तुम्ही म्हणालात. "त्यांना काय दिसलं ते आधी नीट बघ. नाक मग मुरड."

"जेवायच्या वेळी बैलाची तंगडी नको हं," आई म्हणाली, आणि तुम्ही हसत ते दाणे तोंडात टाकलेत.

उद्या उद्घाटन आहे. फलकावरून माझं नाव काढा, एवढं एक वाक्य मला संचालकांशी बोलायचं होतं. आणि तुम्ही गेल्यावर हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठे? संध्याकाळी संचालकांनी त्या फलकाचा फोटो पाठवला, नाव नीट आलंय ना ते बघून घ्या म्हणून. मी तो मोठा करून बघितला. छान दिसतंय, असं कळवलं.