दाजी, ते हवेचं कारण खोटं होतं

प्रिय दाजी,

सप्रेम जय भीम.

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. जालना ते बदनापूर अंतर ते केवढं, फोन केला की काम झालं! आता फोन करायची सोय नाही आणि बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणून हे पत्र.

परवा रविवारी संभाजीनगरहून एक जण आपली पिकअप बघायला आला होता. त्यालाही डोंगरात न्यायला अशीच गाडी करायची आहे. चांगले कपडे घालून आला होता बिचारा, तरी गाडीखाली आडवा झाला आणि तुमच्या वेल्डिंगवरून बोट फिरवत म्हणाला, "काय हात आहे राव! कोणी केलंय हे?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "बदनापूरला एक वेल्डर होता."

एक वेल्डर! माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, माझ्या लग्नात मांडव घालण्यापासून पंगतीत वाढण्यापर्यंत राबलेला माणूस, आणि मी त्याला 'एक वेल्डर' म्हणालो. तो पाहुणा गेल्यावर मी पायरीवर बसून राहिलो. तेव्हा कळलं, की हे तोंडातून चुकून निघालेलं नाही. गाडी तयार होत आली तेव्हापासून मी तुम्हाला असंच बाजूला सारत आलोय.

आठवतं, गाडी पहिल्यांदा तुमच्या दुकानापुढं उभी केली तो दिवस? एका ठेकेदाराने टाकून दिलेली, पुढं दोनच जणांची जागा, मागचा हौदा गंजून चाळणी झालेला. चारही चाकं ओढणारी होती एवढाच तिचा गुण. तुम्ही तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणालात, "सिद्धू, हिला भंगारात घालाया आणली का माझ्याकडं?"

मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. पिकअपमध्ये घर करून महिना महिना डोंगरात राहणारी माणसं. तुम्ही चष्मा लावून बघत होता. मध्येच विचारलंत, "हे पांढरं काय हाय? मीठ?"

"बर्फ, दाजी."

"एवढा?"

मग तो व्हिडिओ परत लावायला सांगितलात. तुम्ही दुकान टाकण्याआधी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये होता, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही त्याबद्दल बोललात. "अर्धी जिंदगी भट्टीपुढं गेली माझी. अंगातला सदरा पिळला की पाणी निघायचं. एकदा अशा जागी उभं राहायचंय, जिथं घाम म्हणून येत न्हाई."

"मग चला की! आपण दोघं जाऊ," मी म्हणालो. दाजी, हे मला कोणी म्हणायला लावलं नव्हतं. मी आपणहून म्हणालो होतो.

चार महिने तुम्ही त्या गाडीवर खपलात. गिऱ्हाइकाचे गेट आणि खिडक्या संपवायच्या आणि मग पिकअपला हात घालायचा. मागच्या दोन्ही चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवून गाडी उचलली. दगड लागू नये म्हणून इंजिनाखाली जाड पत्रा बसवला. हौद्यावर बंद खोली बांधली, तिच्यात बाहेर ओढता येणारा ओटा केला. आणि झोपायच्या फळीसाठी मला जमिनीवर आडवं करून खडूने माप घेतलंत. मी उठलो तर तुम्हीच माझ्या शेजारच्या जागेवर आडवे झालात!

"आता माझं घे. दोघं झोपणार म्हणल्यावर दोघांचं माप पायजे."

अक्का चहा घेऊन आली होती. कप हातात धरून ती हसत उभी राहिली. "मला सोडून पळून जाऊन राह्यले का दोघं?"

भांडणही एकदाच झालं आपलं. मला व्हिडिओतल्यासारखं टपावर सगळं हवं होतं. स्टेपनी वर, पाण्याचा ड्रम वर, डिझेलचे कॅन वर. तुम्ही म्हणालात, "वजन वर गेलं की गाडी वळणावर झोपती." मी ऐकेना. दोन दिवस तुमच्याकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही टपावर सिमेंटच्या सहा गोण्या बांधल्या, मला शेजारी बसवलं आणि गाडी दुधना नदीच्या कोरड्या पात्रात तिरपी उतरवली. गाडी एका बाजूला अशी कलली की मी ओरडून दाराची मूठ धरली. तुम्ही ब्रेक दाबून शांतपणे विचारलंत, "आता सांग, वर ठिवायचं का खाली?"

पाण्याची टाकी खाली गेली. स्टेपनी खाली गेली. गाडी रुबाबदार नाही दिसली, पण उलटली नाही कुठेच.

आता जे लिहायचंय ते लिहायला जड जातंय.

पुण्याचा तो ग्रुप आठवतो? ज्यांच्याबरोबर आपण जाणार होतो? त्यांनी संभाजीनगरला एका हॉटेलात सगळ्यांना बोलावलं होतं. मी तुम्हाला घेऊन गेलो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण पँट दुकानातलीच होती, ग्रीसचे डाग पडलेली. चहा बशीत ओतून प्यालात. मग पार्किंगमध्ये एकाच्या महागड्या गाडीखाली वाकून बघितलंत आणि म्हणालात, "सायेब, ह्याचा मागचा झटका घेणारा दांडा उलटा बसवलाय कोणीतरी."

बरोबर बोलला होता तुम्ही. पुढं ते खरंही निघालं. पण तेव्हा त्या माणसाचं तोंड उतरलं, आणि मागून कोणीतरी तुमच्या बोलण्याची नक्कल केली. सगळे हसले. दाजी, मीही हसलो. तुम्ही ऐकलं होतं का ते? घरी येताना तुम्ही एकदम गप्प होतात, म्हणून विचारतो.

मला त्या लोकांचा राग यायला हवा होता. मला तुमची लाज वाटली.

निघायला आठ दिवस होते. मी दुकानात आलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "दाजी, तिकडं हवा लई विरळ असते. तुमच्या वयाला झेपायचं न्हाई."

तुम्ही पाना हातात धरून तसेच थांबलात. मग काय म्हणालात, तो शब्द न् शब्द मला पाठ आहे. "डॉक्टरला दाखवून येऊ का एकदा? तपासून सांगतील ते. म्हणले जा, तर येतो."

आणि मी घाईघाईनं म्हणालो, "कशाला उगा? डॉक्टर काय, काहीही सांगतात. जोखीम नको."

दाजी, मला भीती वाटली की डॉक्टर 'जा' म्हणतील. मग मी कोणतं कारण काढलं असतं? तुमच्या जागेवर मी ऑफिसातल्या निखिलला आधीच हो म्हणून बसलो होतो.

"बराबर हाय," तुम्ही म्हणालात. "तू म्हंतो ते बराबरच असंल. मंग सामान तरी नीट लावून देतो."

भांडला का नाहीत हो? दोन शिव्या घातल्या असत्या तर मी वळलो असतो कदाचित. एवढं समजूतदार कशाला व्हायचं माणसानं!

निघताना तुम्ही बजावलं होतं, "पाचशे किलोमीटर झाले की पाट्याचे यू-बोल्ट परत आवळ. नवा पाटा बसतो अन् बोल्ट ढिले पडतेत." मी हो म्हणालो आणि विसरलो. हिमाचलात स्पितीला, काझा गावाच्या अलीकडं, एका चढावर मागून धाडकन आवाज आला. उतरून बघतो तर मागचं चाक हौद्याला घासतंय, चाकांचा आस पाट्यांखालून सरकलेला. ग्रुपवाले तासभर थांबले आणि पुढं गेले. निखिल दगडावर बसून राहिला. वळणावर जरा रेंज होती, तिथून तुम्हाला फोन लावला.

"ढिल्या बोल्टवर गाडी पळवली ना?" एवढंच बोललात. मग म्हणालात, "फळीखाली शेवटल्या कप्प्यात फडकं हाय. ते काढ."

फडक्यात पाट्यांचा ग्रीस लावलेला नवा मधला बोल्ट होता, यू-बोल्टचा जोड होता, पाटे दाबून धरायचा शिकंजा होता. मी विसरणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं! त्या दिवशी तीन वेळा फोन केला. जॅक कुठं लावायचा, आस मागं कसा ढकलायचा, नट एकाआड एक कसे आवळायचे, सगळं तुम्ही फोनवरून करून घेतलंत. मध्ये मध्ये थांबून दम घेत होता. एकदा मागून बाईचा आवाज आला, "काका, ठेवा आता फोन."

"दाजी, कुठं हायेत तुम्ही?"

"दवाखान्यात आल्तो एकाला भेटाया. तू नट बघ, नट."

मी नट बघितले. पुढं विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण मला गाडी नीट व्हायला हवी होती, दुसरं काही ऐकायचं नव्हतं. शेवटच्या फोनवर मी ओरडलो, "झालं दाजी, सरळ चालून राह्यली!" तुम्ही विचारलंत, "गार हाय का रे तिथं? घाम तर येत न्हाई ना?"

"जाम घाम आलाय दाजी! तुमच्या बोल्टांनी घाम काढला."

तुम्ही हसलात. हसता हसता खोकलात. "मंग काय उपयोग त्या बर्फाचा!" म्हणालात, आणि फोन बंद झाला.

दोन दिवसांनी अक्काचा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

तुम्ही तिला बजावून ठेवलं होतं म्हणे, सिद्धूला दवाखान्याचं कळवू नको, घाट उतरताना त्याचं ध्यान हालंल. दाजी, हे मात्र तुम्ही चुकलात. मला कळवायला हवं होतं. मी पोचलो तेव्हा सगळं उरकून तीन दिवस झाले होते. दारात बसलेली माणसं गाडी बघून उठून उभी राहिली. त्याच गाडीतून आलो होतो मी, स्पितीचा चिखल तसाच अंगावर घेऊन. कुठं तोंड लपवावं कळेना.

डॉक्टरांनी अक्काला सांगितलं की हृदयाच्या शिरा बऱ्याच दिवसांपासून बंद होत आल्या होत्या. आधी तपासलं असतं तर कळलं असतं. तुम्ही तर तपासून येतो म्हणाला होता! मीच नको म्हणालो होतो. हे अजून कोणाला माहीत नाही. तुम्हाला आणि मला, दोघांनाच.

आणि जलदान विधीच्या दिवशी, सगळ्या सोयऱ्यांपुढं, अक्का काय म्हणाली ते ऐका. "माझ्या भावाला समजलं होतं. त्यानं ह्यांना डोंगरात नेलं न्हाई म्हणून ते माझ्या हातावर गेले. न्हाई तर तोंड बी दिसलं नसतं." सगळ्यांनी माना हलवल्या. मोठ्या मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी हात जोडले. तुमच्या मरणावर मी शहाणा ठरलो, दाजी, आणि मी ते ठरू दिलं.

येत्या महिन्यात वर्ष होईल. अकरा महिने मी स्वतःला सांगत आलो, की अक्काला तेवढाच एक आधार आहे, तो कशाला काढून घ्यायचा? ऐकायला बरं वाटतं हे. पण खरं म्हणजे तिच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटते.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "सिद्धू, वर्षाचं झालं की मला ने तिकडं. ह्यांचं बघायचं राह्यलं, मी बघते." अंगणवाडीत रजेचा अर्जही देऊन आली आहे. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "अन् हवेचं म्हणशील, तर मी आज सकाळीच डॉक्टरला दाखवून आले. कार्डिओग्राम काढला. म्हणले, जा खुशाल. हवा विरळ असती म्हणून तू ह्यांना सांगितलं होतं ना, मंग मी आधीच तपासून घेतलं."

तुम्हाला जे करू दिलं नाही, ते ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवून करून आली.

तर तुम्हाला शब्द देतो. याआधीचा मोडला, हे मला ठाऊक आहे, तरी देतो. शनिवारी मी अक्काकडं जाईन आणि सगळं सांगीन. हॉटेलातलं हसणं सांगीन, निखिलचं सांगीन, आणि तुम्ही डॉक्टरकडं जायला निघाला होता, मीच अडवलं, हेही सांगीन. त्यानंतर ती माझ्याबरोबर येवो, नाही तर मला उंबऱ्यावरून परत पाठवो. जे म्हणेल ते ऐकून घेईन.

जालन्याहून रेल्वेनं येईन. पिकअप आणणार नाही. ती दारात दिसली की अक्काला तुमचे हात आठवतील, तिचा जीव पाघळेल आणि ती मला लगेच माफ करून टाकील. आजवर मी फार स्वस्तात सुटत आलो, दाजी. या वेळी तरी सुटायचं नाही.

तुमचा मेहुणा,
सिद्धू