अंगणात सांडलेलं धान

४ नोव्हेंबर

पोहोचले. बसने मूल शहर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळं धान, त्यामागे जंगल. कापणी सुरू होणार आहे. बसमधल्या बाया तेवढंच बोलत होत्या. मी चंद्रपूरची, वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेली. राखेचे ढीग जवळून पाहिले आहेत, धान बसच्या खिडकीतून.

नानाजींच्या घराची पुढची खोली भाड्याने मिळाली. अंगण शेणाने सारवलेलं, खिडकी गल्लीवर. अकरावी-बारावीला मराठी शिकवायचं. वाघामुळे शाळा उन्हं असतानाच सुटते, असं मुख्याध्यापकांनी बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. नानाजींची मुलगी मंजुषा माझ्याच वर्गात असेल. हुशार दिसते. डोळे पिवळसर. थोरला मुलगा आदेश शेती बघतो आणि उरलेला वेळ मोबाईल.

समोर गुणाबाई राहतात. नानाजींच्या काकाच्या विधवा, एकट्या. सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळून ओठ लाल. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, मास्तरीण येनार म्हनत होते, हे तर कोणाची पोरगीच आली. मग नानाजींना म्हणाल्या, हिले खाऊ घालजो बाप्पा, नाई तं वाऱ्यानं उडून जाईन. सगळे हसले. मीही.

बाबांना फोन केला. छान गाव आहे, असं मी सांगितलं.

११ नोव्हेंबर

मंजुषाला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. आज कळलं. हातपाय दुखतात तेव्हा ती शेवटच्या बाकावर जाऊन बसते, सांगत नाही. मागच्या महिन्यात चंद्रपूरला नेऊन रक्त चढवलं. चेहरा भरला होता, असं तिची आई सांगत होती. आता पुन्हा उतरला.

गुणाबाईंचा तिच्यावर जीव आहे. शाळेतून आली की ती त्यांच्या ओट्यावर बसते, त्या तिचे पाय चेपतात. दिवसभर शेतात असतात. मजुरीला जात असाव्यात. संध्याकाळी पदराची ओटी फुगलेली असते. मलाही कालपासून रोज पाण्याचा तांब्या भरून ठेवतात. नको म्हटलं तर ऐकत नाहीत.

१९ नोव्हेंबर

नानाजींनी आज मला विचारलं. बराच वेळ मनात ठेवलेला प्रश्न असावा. बाटली-बाटली रक्त देले डाक्टरनं, म्याडम. आमच्या डोळ्यासमोर देले. थे जाते कुठी?

मी फळ्यावर काढतात तसं जमिनीवर काढून दाखवलं. पेशी वाकडी होते, अडकते, फुटते. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, फुटलं तं दिसाले पाह्यजे नं कुठी. दिसत नाई.

त्यांच्या पत्नीने समोर गुणाबाईंच्या घराकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मला कळलं.

२१ नोव्हेंबर

आज वर्गात त्याच विषयावर बोलले. धडा बाजूला ठेवला. बाबा अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव चमत्कारांचे प्रयोग करून दाखवत, त्यांच्या मागे पेटी घेऊन मी फिरलेली आहे. मला हे बोलता येतं.

सांगितलं की रक्त पिणाऱ्याची भीती सगळ्या जगात होती. युरोपातल्या खेड्यांत थडग्यापासून घरापर्यंत बाजरीचे दाणे टाकत. दाणे दिसले की थडग्यातून उठलेला तो एकेक उचलत बसतो, पुढे जाऊ शकत नाही, अशी समजूत. चीनमध्ये तांदूळ. अमेरिकेत घरात एकामागून एक क्षयाने गेले की आधी मेलेल्यावर संशय घेत. म्हटलं, बघा, जिथे आजार कळला नाही तिथे माणसांनी माणूस शोधला.

वर्ग इतका शांत कधी नसतो. मंजुषा पहिल्या बाकावर आली होती. मला अभिमान वाटला. तो इथे लिहून ठेवते.

२४ नोव्हेंबर

अभिमान गेला.

आज दुकानात आदेश मित्रांना सांगत होता. मी आलेली त्याला दिसली, तरी थांबला नाही, उलट मला साक्षीला घेतलं. इथल्याच लोकांनी म्हटलं असतं तं अफवा. म्याडमनं सांगतलं, चीन, अमेरिका, साऱ्या दुनियेत हाये. दुनिया का पागल हाये?

मी म्हणाले की मी नेमकं उलटं सांगितलं होतं. दुकानदार म्हणाला, हो हो, म्याडम, तुमी भेऊ नका.

दुपारी वाटेत भेटलेल्या बायांनी गुणाबाईंचं नाव घेतलं. पूर्वी नाव घेत नव्हत्या.

२७ नोव्हेंबर

मी उपाय शोधला आहे. बाबांचाच. नाकारून उपयोग नसतो, लोकांसमोर प्रयोग करून दाखवायचा. निखाऱ्यावरून ते स्वतः चालत आणि मग हसत हसत कारण सांगत.

संध्याकाळी नानाजींच्या घरी चार माणसं बसली होती. मीच म्हटलं. दाण्यांवर विश्वास आहे ना तुमचा? उद्या सकाळी अंगणात धान टाकू, गुणाबाईंना चहाला बोलावू. त्या सरळ चालत येतील. मग पुन्हा त्यांचं नाव घ्यायचं नाही.

नानाजींनी विचारलं, पक्कं? मी पक्कं म्हटलं.

२८ नोव्हेंबर

मी माझ्या हाताने टाकलं. सूपभर. गल्लीपासून ओट्यापर्यंत.

गुणाबाई आल्या. लुगड्याला हात पुसत, चहाला बोलावलं म्हणून खूश. अंगणाच्या तोंडाशी थांबल्या. खाली पाहिलं. कोणं सांडोलं वो एवढं धान, आंधळे झाले का सारे, असं म्हणाल्या आणि बसल्या. पदर पसरला. एकेक दाणा उचलू लागल्या. बोटं इतकी भराभर चालत होती की मला आधी हसू आलं. मी इतरांकडे पाहिलं, तेही हसतील म्हणून.

कोणी हसत नव्हतं. कोणी वाकत नव्हतं. धान पिकवणारी ती सगळी माणसं हात बाजूला धरून उभी होती.

गुणाबाई वर बघून म्हणाल्या, उभे काऊन हा? उचला नं. कोंबड्या खातीन.

मंजुषाची आई मुलीला घेऊन घरात गेली आणि दार लावलं.

त्याच दिवशी, नंतर

मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा कळलं. कापणी झाली की शेतात पडलेल्या लोंब्या वेचायचा गरिबाचा हक्क असतो, सरवा म्हणतात त्याला. गुणाबाई वर्षानुवर्षं त्यावर जगतात. मजुरी आता झेपत नाही. पडलेला दाणा दिसला की त्यांचा हात जातो. इथे कोणाचाही जातो.

हे मी नानाजींना जाऊन सांगितलं. म्हटलं, तुम्हीही उचलला असता. ते म्हणाले, पण उचलला नाई नं, म्याडम. कोणंच नाई उचलला.

२ डिसेंबर

गावात वाटेवर धान पडलेलं आहे. खळ्याशी, पंपाशी, शाळेच्या फाटकात. कोणी मुद्दाम टाकलं की बैलगाडीतून सांडलं, सांगता येत नाही. लोक वर बघून त्यावरून चालतात. सरव्याला कोणी गेलं नाही. शेतं तशीच पडली आहेत, लोंब्यांसकट. पोरांनी वाकू नये म्हणून आया त्यांचा दंड धरून चालतात.

फक्त गुणाबाई वाकतात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

मीही नाही.

५ डिसेंबर

गुणाबाई दाराशी आल्या. पंपावर पाणी भरू देत नाहीत, म्हणाल्या. मंजुषाला त्यांच्याकडे येऊ देत नाहीत. तुले मालूम असन पोरी, शिकलेली हायेस, माहं का चुकलं?

मी म्हणाले, मला माहीत नाही.

माझ्या घागरीतून पाणी दिलं. त्या गेल्यावर घागर घासून घेतली. का घासली ते लिहिता येत नाही.

८ डिसेंबर

जेवताना भाताचं शीत जमिनीवर पडलं. हात गेला आणि मध्येच थांबला. दार बंद होतं. कोणी बघत नव्हतं. तरी नाही उचललं.

खिडकी लावून घेते आता. त्यांचे लाल ओठ दिसतात. खर्रा आहे, मला माहीत आहे — तरी.

९ डिसेंबर

मंजुषाला परत चंद्रपूरला नेलं. रक्त चढवलं.

जादूटोणाविरोधी कायदा आहे. बाबांच्या खोलीत त्याचा फलक लावलेला आहे. पोलीस ठाण्याचा नंबर लावला. पलीकडून विचारलं, काय तक्रार. मी सांगणार होते. मग ते विचारणार, अंगणात धान कोणी टाकलं?

फोन ठेवला.

बाबांचा आला. सगळं ठीक आहे, असं मी सांगितलं.

१३ डिसेंबर

मंजुषा परत आली. दोन दिवस गाल लाल होते. आज ओठ पांढरे.

आदेश दिवसभर ओट्यावर मोबाईलमध्ये बघत होता. मला पाहून हसला. म्हणाला, तुमी थोडंच सांगतलं होतं, म्याडम. लय हाये याच्यात.

१४ डिसेंबर

ठरवलं होतं — उद्या सगळं सांगायचं. मुख्याध्यापकांना, ठाण्यात, गुणाबाईंना. उद्या उद्या असं —

१५ डिसेंबर, सकाळ

मंजुषा उठत नाही. कुशीवर वळवली तरी ओरडते. गाडी बोलवा म्हणून मी नानाजींच्या मागे लागले. ते म्हणाले, किती वेळा? भरतो अन् थे रिकामं करते.

समोरच्या घराला बाहेरून कडी आहे. आतून हाका येतात. माझं नाव घेत नाहीत त्या. मंजुषाचं घेतात.

१५ डिसेंबर, दुपार

ते आले होते. बरीच माणसं, सगळी शांत. चपला काढून पायरीखाली उभी. मी दार उघडलं नाही, खिडकीशी गेले.

नानाजींनी हात जोडले. आदेशला मोबाईलवर सापडलं आहे. रक्त पिणाऱ्याचं काळीज जाळतात आणि राख पाण्यातून आजाऱ्याला पाजतात. अमेरिकेत केलेलं आहे, तारखेसकट आहे. एकच गोष्ट कळत नाही, म्हणाले, म्हणून तुमाले तरास. थे जिवंतपनी करतेत का मेल्यावर?

आणि मला एकदम सुटल्यासारखं झालं. इतके दिवस हे कसं सुचलं नाही. मी ओरडूनच सांगितलं — मेल्यावर. मेल्यावरच. या सगळ्या मेलेल्यांच्या गोष्टी आहेत, जिवंत माणसाला कोणी काही करत नाही. गुणाबाई जिवंत आहेत!

पुन्हा विचारलं, पक्कं? मी पक्कं म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मोठे उपकार झाले, म्हणाले. चपला घातल्या आणि गेले. कोणी आवाज चढवला नाही. अखेर मला खरं बोलता आलं.

समोरची कडी काढल्याचा आवाज आला. सोडताहेत त्यांना. जिवंत आहेत म्हणून —

मेल्यावर, असं मी —

त्यांनी तेवढंच विचारलं होतं. आधी मेली पाहि